मुंबईच्या पिकअपला बर्फाची चेन: कोणती घ्यायची, किती आणि कुठल्या चाकांना

मुलुंडच्या एका गृहस्थांनी विचारलंय: "माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, फोर बाय फोर, टायर २५५/६० आर १८. दरवर्षी जानेवारीत एकदा घरच्यांना घेऊन मनाली-सिस्सू करतो, यंदा गुलमर्गही डोक्यात आहे. सीएसटी रोडवरचा एक दुकानदार 'युनिव्हर्सल' चेन देतोय, म्हणतो सगळ्या गाड्यांना बसते. मित्र म्हणतो फोर बाय फोरला चेन लागतच नाही. वर्षातून आठ दिवसांसाठी पैसे घालावेत का, आणि घालायचे तर कशात?"

चेन म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरभोवती आवळायची साखळी. आधी मित्राचं बघू, कारण हे वाक्य माझ्या गॅरेजमध्ये दर डिसेंबरला कुणीतरी ऐकवतंच. फोर बाय फोरमुळे इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो, म्हणून गाडी बर्फातून निघते, चढते. पण ब्रेक? ते चारही चाकांना प्रत्येक गाडीत असतात, अगदी अल्टोलासुद्धा. त्यामुळे थांबायची वेळ आली की तुमच्या फोर बाय फोरचा फायदा जवळजवळ संपतो आणि उरतं ते दोन टनांच्या आसपासचं धूड, चार रबरी टायरांवर, काचेसारख्या रस्त्यावर. चढावर फसलात तर लाज जाते, उतारावर फसलात तर गाडी जाते. मी चेन निवडतो ती उतार डोळ्यांपुढे ठेवून. खाली जे काही लिहितोय ते सगळं त्याच हिशेबाने आहे.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. २०११ च्या जानेवारीत नारकंड्याहून शिमल्याकडे येत होतो, बोलेरो कॅम्पर होती. अशाच एका दुकानातून 'सगळ्यांना बसते' म्हणून घेतलेली शिडीच्या आकाराची चेन मागच्या चाकांना होती. आदल्या दिवशी चढताना तिने काही त्रास दिला नव्हता. उतरताना देवदारांच्या सावलीतलं एक वळण आलं. रस्ता नुसता ओला दिसत होता. टेबलाचा खण सरकवावा तशी गाडी आडवी सरकली. वेग पंधराचाही नसेल. स्टिअरिंग डोंगराकडे, गाडी दरीकडे. नशिबाने बर्फ बाजूला सारून केलेला ढीग कडेला होता, त्यात मागचं चाक रुतलं आणि थांबलो. उतरून पाहिलं तर चेनचा दोन-तीन कड्यांचा उरलेला शेपटा सुटून आत शिरला होता आणि त्याने हँडब्रेकची केबल ओढून तोडली होती. त्या एका वळणावर दोन चुका एकदम भेटल्या: चेनचा आकार चुकीचा आणि माप ढिलं.

आता माप. तुमचा टायर २५५/६० आर १८, म्हणजे व्यास साधारण ७६३ मिलिमीटर. त्याच अठरा इंची रिमवर उद्या कुणाच्या आग्रहाने २६५/६५ चढवलात, तर व्यास जवळपास चार सेंटिमीटरने वाढतो आणि घेर बारा सेंटिमीटरने. चेन घेराला बसते. बारा सेंटिमीटर म्हणजे चेन लागतच नाही, किंवा उलट्या बाजूने ढिली राहून फटके मारते. म्हणून 'युनिव्हर्सल' हा शब्द ऐकला की मी दुकानातून बाहेर पडतो. चांगल्या चेनच्या खोक्यावर टायरच्या मापांची यादी छापलेली असते. तुमचं माप त्यात अक्षरशः तसंच दिसलं पाहिजे. '१८ इंचाला चालते' एवढ्यावर घेऊ नका. आणि वाचायचं ते टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, गाडीच्या कागदांवर नाही. सेकंडहँड गाडी असेल तर मागचे आणि पुढचे टायर वेगळे निघालेलेही मी पाहिलेत.

मापानंतर येते ती गोष्ट दुकानदार सांगत नाही: टायरच्या आत जागा किती आहे. रविवारी सकाळी गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा आणि चाकाआड हात घाला. पुढच्या चाकाला वरचा आर्म, शॉक, ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची बारीक वायर असते. मागे पाटे, पाट्यांचे यू-बोल्ट आणि हँडब्रेकची केबल. टायरची आतली कूस आणि त्यातली सगळ्यात जवळची वस्तू यांच्यामध्ये साधी पेन्सिल आडवी धरून बघा. पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते. शेजारी शेजारी दोनच मावत असतील तर जागा तोकडी आहे, तीन सहज फिरल्या तर बरं. पुढची चाकं पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा मोजा, कारण सरळ चाकाला दिसणारी फट वळवल्यावर गायब होते. टायरच्या वरच्या बाजूची, मडगार्डखालची फटही बघा. गाडी भरली की मागची बाजू खाली बसते.

परदेशी चेनच्या खोक्यावर 'क्लास एस' दिसलं, तर ती अमेरिकी वर्गवारीतली कमी जागेची चेन: आतल्या बाजूला निदान १५ मिलिमीटर आणि टायरच्या डोक्यावर ३७ मिलिमीटर मोकळे असावेत, असा तिचा हिशेब. युरोपी मालावर ९, १२, १६ असे आकडे असतात. टायरवरून चेन साधारण किती मिलिमीटर वर येते ते त्यावरून कळतं. छोट्या गाड्यांना ९ किंवा १२, एसयूव्ही आणि पिकअपला बहुधा १६. जाड चेन जास्त चावते आणि जास्त टिकते, पण तुमची फट तिला पुरली तर. पुरत नसेल तर १२ ची चांगली चेन घ्या. सोळाची जबरदस्तीने बसवली की काय होतं ते हँडब्रेकच्या केबलला विचारा.

आता आकार. बाजारात मुख्यतः दोन जाती. शिडीच्या चेनमध्ये दोन बाजूंना दोन लांब साखळ्या आणि मध्ये आडव्या पट्ट्या. चाक फिरताना आडवी साखळी बर्फात रुतते आणि गाडीला पुढे-मागे पकड मिळते. चढायला उत्तम, स्वस्त, दुरुस्तीला सोपी. एक कडी तुटली तर तारेने बांधूनही तात्पुरतं काम भागतं. पण दोन पट्ट्यांच्या मध्ये रबर उघडं असतं, आणि आडव्या साखळ्या गाडीला बाजूला सरकण्यापासून फारशा अडवत नाहीत, कारण सरकायची दिशा आणि साखळीची दिशा एकच. माझा खण सरकला तो यामुळे. दुसरी जात चौकटीची, डायमंड म्हणतात ती. टायरवर तिरप्या साखळ्यांची जाळी होते, कुठल्याही क्षणी काही कड्या जमिनीला टेकलेल्या असतात आणि तिरप्या असल्याने आडव्या घसरणीलाही अडवतात. उतारावरच्या वळणासाठी हीच लागते. महाग आहे, पण तुमच्यासारख्या माणसाने, जो घरच्यांना घेऊन जातो आणि बर्फाची रोजची सवय नाही, तिथे पैसे वाचवू नयेत.

बाकीचे प्रकार पटकन. तारेच्या दोराच्या चेन हलक्या आणि कमी जागेच्या असतात, पण जड पिकअपला कडक बर्फावर अपुऱ्या. टायरवर चढवायचे कापडी मोजे मऊ ताज्या बर्फात छान चालतात, घालायला दोन मिनिटं, मात्र डांबर लागलं की फाटतात. डिकीत आणीबाणीसाठी ठेवा, भरवशासाठी नको. प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ज्या एकेक करून चाकाला आवळतात, त्या रुतलेली गाडी दहा फूट बाहेर काढण्यापुरत्या. त्यावर मनालीजवळच्या सोलंगचा उतार उतरायला निघालेला माणूस मी पाहिलाय. खाली पोचेपर्यंत आठातल्या तीन उरल्या होत्या.

तुमच्या प्रवासाची एक खास अडचण आहे. मनालीहून सिस्सूला तुम्ही अटल बोगद्यातून जाणार. ३ ऑक्टोबर २०२० ला तो सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर, दोन्ही तोंडं साधारण ३,१०० मीटरच्या आसपास. आधी लोक ३,९७८ मीटरचा रोहतांग ओलांडायचे आणि हिवाळ्यात तो बंदच असायचा. आता जानेवारीत मुंबईकर सिस्सूत मॅगी खातात ती या बोगद्यामुळे. पण बोगद्यात बर्फ नाही. बर्फ पडलेला असेल तर सोलंगपासून दक्षिण तोंडापर्यंत चेन हवी, मग नऊ किलोमीटर कोरडा रस्ता आणि पलीकडे पुन्हा बर्फ. कोरड्या रस्त्यावर चेन चालवली की कड्या झिजतात, टायर खरवडला जातो, गाडी थरथरते आणि तुटलेली कडी मडगार्डवर आपटते. म्हणजे काढा, घाला, परत येताना पुन्हा काढा, पुन्हा घाला. एका दिवसात चार वेळा. ज्या चेनला दर वेळी अर्धा तास आणि जॅक लागतो ती तिसऱ्या वेळी तुम्ही घालणारच नाही, "जाऊ दे, थोडंच आहे" म्हणाल. म्हणून जॅकशिवाय, चाक जागेवर असताना चढणारी आणि बाहेरच्या बाजूने आवळता येणारी चेन घ्या. तुमच्यासाठी ही अट जाडीपेक्षाही वर ठेवेन.

भाड्याने घ्यावी का? मनालीत आणि गुलमर्गच्या पायथ्याला तंगमर्गला चेन भाड्याने मिळतात, लावूनही देतात. वर्षातून एकच सहल, छोटी गाडी, सामान्य मापाचा टायर असेल तर मी भाड्याचीच सांगतो. पण अठरा इंची पिकअपचं माप तिथे हमखास मिळेल यावर मी विसंबणार नाही. भाड्याच्या ढिगातून जी 'जवळपास' बसते ती लावतात, आणि जवळपास म्हणजे काय ते वर सांगितलंच. तुम्ही दरवर्षी जाता, विकत घ्या.

कुठल्या चाकांना, यावर लोक भांडतात. पहिलं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत आहे, तेवढं पान उघडा. काही पिकअपना पुढे चेन लावायला कंपनीच मनाई करते, जागेअभावी. त्यापलीकडे माझा विचार असा. तुमच्या गाडीत टू-एचमध्ये, म्हणजे फोर बाय फोर बंद असताना, इंजिन मागची चाकं फिरवतं, आणि रिकाम्या हौद्यामुळे मागची बाजू हलकी, म्हणून एकच जोडी असेल तर मागे. फक्त पुढे लावली तर उतारावर ब्रेक मारताच पुढचं टोक धरतं, मागचं धरत नाही आणि गाडी स्वतःभोवती फिरते. फक्त मागे लावली तर पुढची चाकं वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. दोन्ही वाईट, पण दहा-बाराच्या वेगाला दुसरं सांभाळता येतं, पहिलं नाही. खरं उत्तर चार चाकांना चार. पुढची फट परवानगी देत असेल आणि खिसाही, तर दोन जोड्या घ्या. देत नसेल तर एक जोडी घ्या, सिस्सू करा आणि गुलमर्गच्या बाबतीत हट्ट सोडा.

कारण गुलमर्गचं गणित वेगळं आहे. तंगमर्गपासून वर सुमारे तेरा किलोमीटर, वळणावळणांचा, झाडांच्या सावलीतला घाट. बर्फ पडला की चेनशिवायच्या गाड्या वर सोडत नाहीत, त्या दिवशीचा हुकूम काय आहे ते पोलीस सांगतात. वर जाणं तुम्हाला जमेल. दुपारी चारनंतर, दिवसभर वितळलेलं पाणी पुन्हा गोठायला लागल्यावर, मागे मुलं आणि पुढे स्थानिक सुमोंची रांग असताना उतरणं हा वेगळा प्रकार. एकच जोडी असेल तर गाडी तंगमर्गला लावा आणि वर स्थानिक ड्रायव्हरच्या गाडीने जा. मी स्वतः दोनदा तसं केलंय, आणि माझा तर धंदाच हा आहे.

हौद्यात वजन टाका. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, शंभर किलोच्या आसपास, वाळूच्या गोणी असतील तर उत्तम, कारण चाक फिरायला लागलं तर तीच वाळू खाली पसरता येते. वाळू मुंबईहून नेऊ नका, चंदिगडनंतर कुठेही मिळते, दोन हजार किलोमीटर डिझेल का जाळायचं. मात्र घट्ट बांधा. सुटलेली गोणी ब्रेक मारल्यावर केबिनच्या पाठीवर येते. आणि सामान, माणसं, वाळू धरून गाडीच्या क्षमतेच्या आत राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते मुलुंडमध्येच होतं. चेन आणली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये घालून बघा. शेजारी विचारतील, गाडीला साखळदंड का बांधताय, सांगा हप्ते थकलेत. एकदा उजेडात, एकदा रात्री हेडटॉर्च लावून आणि एकदा जाड हातमोजे घालून. चेन जमिनीवर पसरा, गाठ-पीळ सगळा काढा. आतल्या बाजूचं लवचिक कडं टायरमागून सरकवा, दोन्ही टोकं वर आणून जोडा. मग बाहेरचा आकडा. आकड्याचं उघडं तोंड टायरकडे नको, बाहेर हवं, नाहीतर रबर कापतं. उरलेली साखळी खालच्या कुलुपांतून ओवून ओढा आणि रबरी टोक जाळीत अडकवा, शेपटा लोंबता ठेवू नका. पहिल्या वेळी वीस-पंचवीस मिनिटं लागतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. चौथ्या वेळी एका चाकाला पाच मिनिटं. मगच निघा. पार्किंगमध्येच दहा-वीस फूट अगदी हळू पुढे-मागे करून आतून कुठे घासल्याचा आवाज येतो का ते ऐका, बस, त्याहून जास्त काँक्रीटवर चालवू नका.

तिथे गेल्यावर चेन घालायची ती फसण्याआधी, रस्त्याकडेच्या सपाट, मोकळ्या जागी. मधल्या चढावर गाडी अडकल्यावर मागून बस येत असताना चाकाखाली हात घालणं मूर्खपणा आहे. घातल्यावर पन्नास-शंभर मीटर जा, थांबा, पुन्हा आवळा. पहिल्यांदा आवळलेली चेन हमखास ढिली होते. कंपन्या बहुधा ताशी ५० ची मर्यादा सांगतात. मी ३० च्या वर जात नाही, उतारावर फोर-एलमध्ये (फोर बाय फोरची सगळ्यात संथ, जोराची जोडणी) पहिल्या गिअरला, ब्रेकवर पाय न ठेवता. डिकीत एक गोणपाट गुडघ्यांखाली घ्यायला, पक्कड, थोडी तार, जोडकड्या आणि रबर चढवलेले हातमोजे असू द्या. लोकरीचे हातमोजे पहिल्या चाकाला भिजतात आणि दुसऱ्या चाकाला तुमची बोटं हलत नाहीत.

चेन घातली की हवा कमी करू नका. अलिबागच्या वाळूत हवा काढायची सवय असलेले लोक बर्फातही काढतात. टायर बसला की चेन ढिली होते. हवेचा एक गमतीचा हिशेब: मुंबईत तीस अंशाला ३५ पीएसआय भरली आणि सिस्सूला उणे पाच अंश असेल तर थंडीमुळे दाब पाच-सहाने पडतो, पण तीन हजार मीटरवर बाहेरची हवाच विरळ असल्याने मीटर चार-साडेचारने वर दाखवतो. दोन्ही एकमेकांना बरेचसे मारून टाकतात. तरी सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा, कारण रात्री मनालीतली आणि दिवसा बोगद्यापलीकडची परिस्थिती वेगळी.

चेनचा विषय नाही, पण राहवत नाही: रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालून निघू नका. मुंबईतल्या गॅरेजांची ही सवय तिकडे इंजिन फोडते. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे पस्तीसपर्यंत चिंता नाही. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो. गिअरमध्ये लावा आणि चाकाला दगड.

परत आल्यावर चेन तशीच ओली पिशवीत कोंबली तर आपल्या खाऱ्या, दमट हवेत मार्चपर्यंत लाल होते आणि कुलुपं अडकतात. गोड्या पाण्याने धुवा, गच्चीवर दोन दिवस उन्हात टाका, जुन्या फडक्याने तेलाचा हात फिरवा आणि प्लॅस्टिकऐवजी गोणपाटात ठेवा. पुढच्या डिसेंबरला काढून कड्या बघा. मध्यभागी झिजून चपट्या झाल्या असतील तर जोडी बदला.

तेव्हा तुमच्यासाठी: चौकटीची चेन, खोक्यावर २५५/६० आर १८ स्पष्ट छापलेलं, जॅकशिवाय चढणारी. १६ की १२ आणि एक जोडी की दोन, हे तुमच्या चाकाआडच्या फटीवर ठरेल, आणि ती मी इथून पाहू शकत नाही. रविवारी पेन्सिल घेऊन बसा. पुढच्या चाकाची सरळ, पूर्ण डावी, पूर्ण उजवी आणि मागची, गाडी भरलेली असताना, असे चार आकडे मिलिमीटरमध्ये कळवा. मग नक्की सांगतो. दुकानदाराला आगाऊ पैसे तोवर देऊ नका.